विश्लेषण : तुरटीने गढूळ पाणी निवळते, पण जास्त तुरटीने ते अधिक स्वच्छ होते का? नाशिककरांनी जाणून घ्यावे असे कलिलांचे रसायनशास्त्र

पावसाळ्याचे पहिले मोठे पाणी आले की गोदावरीचा रंग बदलतो. रामकुंडापासून पुढे नदी चहासारखी तांबूस वाहू लागते आणि काही दिवसांतच शहराच्या कोणत्या ना कोणत्या भागातून गढूळ पाण्याची तक्रार येते. ‘तुरटी वाढवा’ ही मागणीही पाठोपाठ येते. मागणी स्वाभाविक असली तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती अर्धवट आहे. पाणी गढूळ का राहते, तुरटी नेमके काय करते आणि निवळलेले पाणी पिण्यास योग्य असते का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘द्रवद्वेषी कलिल’ या एका संकल्पनेत दडलेली आहेत. २०२७ मध्ये ऐन पावसाळ्यात सिंहस्थाची शाही स्नाने होणार असलेल्या शहराने तरी ती समजून घ्यायला हवी.

कलिल म्हणजे काय?

मीठ पाण्यात विरघळते, वाळू तळाशी बसते. या दोन्हींच्या मधली अवस्था म्हणजे कलिल. यातील कण साधारण १ ते १००० नॅनोमीटर आकाराचे असतात. (एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) ते डोळ्यांना सुटे दिसत नाहीत, पण प्रकाश विखुरतात. म्हणूनच पाणी धूसर दिसते. ‘कोलॉइड’ ही संज्ञा थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये रूढ केली.

हे कण तळाशी का बसत नाहीत, याचा अंदाज एका साध्या गणिताने येतो. ०.१ मिलिमीटर जाडीचा वाळूचा कण एक मीटर खोल स्थिर पाण्यात सुमारे दोन मिनिटांत तळ गाठतो. एक मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटरच्या मातीच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे दोन आठवडे लागतात. आणखी दहापट लहान कणाला साडेतीन वर्षे. तीही पाणी अजिबात हलले नाही तर! प्रत्यक्षात पाण्याचे रेणू अशा कणांना सतत धक्के देत असतात, त्यामुळे ते तरंगतच राहतात. पाणी नुसते साठवून ठेवल्याने नितळ होत नाही, ते यामुळेच.

‘द्रवद्वेषी’ हे नाव कशामुळे?

कलिलांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. डिंक, पेज, खळ यांसारख्या पदार्थांना पाण्याची ओढ असते. ते पाणी शोषून फुगतात आणि आपणहून पसरतात. डिंक वाळवला आणि पुन्हा पाण्यात टाकला तर पुन्हा तेच कलिल मिळते. हे द्रवस्नेही कलिल. सोने, चांदी, गंधक, धातूंची सल्फाइडे यांचे कण मात्र पाण्यात आपणहून पसरत नाहीत. त्यांना मुद्दाम बारीक करून किंवा रासायनिक प्रक्रियेने पाण्यात विखुरावे लागते. एकदा त्यांच्या गुठळ्या झाल्या की पाणी घालून, ढवळून पूर्वीचे कलिल परत मिळत नाही. हे द्रवद्वेषी कलिल.

‘द्वेषी’ या शब्दाने मात्र थोडी दिशाभूल होते. असा कण पाण्याला दूर लोटत नाही. त्याला पाण्यापेक्षा आपल्यासारख्या दुसऱ्या कणाला चिकटण्यात अधिक ‘फायदा’ असतो, इतकेच. कारण आहे पृष्ठभागाचे. एक सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर असते. तोच घन दहा नॅनोमीटरच्या तुकड्यांत चिरला तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास सहा गुंठे होते! एवढा पृष्ठभाग उघडा ठेवण्याची ऊर्जेच्या हिशेबात किंमत मोठी असते. कण एकमेकांना चिकटले की ती किंमत कमी होते. त्यामुळे द्रवद्वेषी कलिल कधी ना कधी साकळणारच असते. प्रश्न फक्त किती वेळाने, हा असतो.

हा वेळ कधी कधी फार मोठाही असतो. मायकेल फॅराडे यांनी १८५० च्या दशकात तयार केलेली सोन्याच्या कणांची लालसर कलिले लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेली आहेत.

मग हे कण इतका काळ टिकतात कसे?

उत्तर आहे विद्युतभार. नाशिकचा परिसर दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा. हा खडक झिजून तयार झालेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातील चिकणखनिजे मोठ्या प्रमाणात असतात. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन यांच्यामुळेच. या खनिजांच्या पापुद्र्यांवर कायमचा ऋणभार असतो. ही चिकणमाती पाणी धरून ठेवते, त्यामुळे पुस्तकी अर्थाने ती शुद्ध द्रवद्वेषी म्हणता येत नाही. पण नदीच्या पाण्यात तिचे कण टिकतात आणि साकळतात ते मात्र द्रवद्वेषी कलिलाच्याच नियमाने.

प्रत्येक कणावर ऋणभार असल्याने पाण्यातील धनभारित आयन त्याच्याभोवती गोळा होतात. कणाभोवती भाराचे जणू दुहेरी कवच तयार होते. दोन कण जवळ येऊ लागले की आधी ही कवचे एकमेकांना ढकलतात. अगदी निकट आल्यावर कणांमधील आकर्षण वरचढ ठरते, पण तिथपर्यंत पोहोचण्याआधीच बहुतेक कण मागे फिरतात. आकर्षण आणि अपकर्षण यांच्यातील या रस्सीखेचीचे गणित सोव्हिएत संघात देर्यागिन व लांडाऊ यांनी १९४१ मध्ये आणि नेदरलँड्समध्ये फेरवे व ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये मांडले. चौघांच्या आद्याक्षरांवरून तो सिद्धान्त ‘डीएलव्हीओ’ या नावाने ओळखला जातो.

तुरटी नेमके काय करते?

ही रस्सीखेच आकर्षणाच्या बाजूने झुकवायची असेल तर कवच पातळ करावे लागते. पाण्यात आयन वाढले की तसे होते. त्यातही आयनांवरील भार जितका जास्त, तितका परिणाम कितीतरी पटींनी मोठा. शुल्झ यांनी १८८२ मध्ये आणि हार्डी यांनी १९०० मध्ये दाखवून दिलेला हा नियम. प्रयोगशाळेतील एक जुने उदाहरण बोलके आहे. आर्सेनिक सल्फाइडचे ऋणभारित कलिल साकळण्यासाठी लिटरमागे सोडियम क्लोराइड ५१ मिलिमोल लागते, मॅग्नेशियम क्लोराइड ०.७२ मिलिमोल पुरते आणि अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड अवघे ०.०९३ मिलिमोल. भार तिप्पट, पण परिणाम साडेपाचशे पट.

तुरटीत हेच तीन धनभारांचे अ‍ॅल्युमिनियम असते. घरातली तुरटी पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचे संयुक्त लवण असते, तर जलशुद्धीकरण केंद्रांत सामान्यतः अ‍ॅल्युमिनियम सल्फेट किंवा पॉलीअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरतात. पाण्यात पडताच अ‍ॅल्युमिनियमची पाण्याशी अभिक्रिया होते. आधी धनभारित संयुगे तयार होऊन कणांवरील ऋणभार शमवतात. मात्रा पुरेशी असेल तर अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके तयार होतात. खाली बसताना ते जाळ्यासारखे मातीच्या कणांना गुरफटून नेतात. प्रत्यक्ष केंद्रांत बरेचसे काम या दुसऱ्या मार्गाने होते.

आपल्याकडे निवळीच्या बिया माठाच्या आत घासून पाणी निवळण्याची रीत जुनी आहे. ‘निवळी’ हे नावच त्यावरून पडले. शेवग्याच्या बियांतील धनभारित प्रथिनेही असेच काम करतात. शास्त्र कळण्याच्या कितीतरी आधी लोकांना कृती सापडली होती.

जास्त तुरटी म्हणजे जास्त स्वच्छ पाणी का?

नाही. आणि ‘तुरटी वाढवा’ या मागणीची अडचण इथेच आहे. मात्रा कमी पडली तर कण साकळत नाहीत. भार शमवण्यापुरती हवी त्याहून थोडी जास्त झाली तर ऋणभारित कण उलट धनभारित होतात आणि पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात. आणखी वाढवली तर पुंजके होतात, पण पाण्यातील क्षारता खर्ची पडते. एक मिलिग्रॅम तुरटीमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता जाते. पुराच्या पाण्यात पावसाचे पाणी मिसळल्याने क्षारता आधीच उतरलेली असते. ती संपली की पाण्याचा सामू घसरतो, पुंजके नीट बनत नाहीत आणि अ‍ॅल्युमिनियम विरघळलेल्या रूपात नळापर्यंत पोहोचू शकते. अशा वेळी तुरटी वाढवण्याऐवजी चुना द्यावा लागतो.

योग्य मात्रा नजरेच्या अंदाजाने ठरवता येत नाही. त्यासाठी ‘जार टेस्ट’ ही साधी चाचणी आहे. नदीचे तेच पाणी सहा भांड्यांत घ्यायचे, प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा टाकायची, आधी वेगाने आणि नंतर सावकाश ढवळायचे आणि स्थिर झाल्यावर गढूळपणा मोजायचा. तासाभरात उत्तर मिळते. सावकाश ढवळण्याला महत्त्व आहे, कारण पुंजके नाजूक असतात आणि जोराने ढवळल्यास मोडतात. म्हणूनच केंद्रात आधी काही सेकंदांचे जलद मिश्रण, मग अर्ध्या तासाच्या आसपास संथ ढवळणे, त्यानंतर काही तास निवळण, मग वाळूचे गाळणे आणि शेवटी क्लोरीन असा क्रम असतो. यातील एकही पायरी तुरटीची गोणी वाढवून टाळता येत नाही. पाणी पुरवण्याच्या घाईत निवळण्याची वेळ कापली तर मात्रा कितीही अचूक असो, गाळ पुढे सरकतोच.

गंगापूर, मुकणे आणि दारणा या तिन्ही ठिकाणचे पाणी एकसारखे नसते. धरणात गाळ बराचसा बसतो, वाहत्या नदीत बसत नाही. पावसाच्या दिवसांत एकाच ठिकाणचे सकाळचे आणि संध्याकाळचे पाणीही वेगळे असू शकते. त्यामुळे चाचणी आठवड्यातून एकदा करून भागत नाही. कच्च्या पाण्याचा गढूळपणा बदलला की ती पुन्हा करायला हवी.

निवळलेले पाणी निर्धोक असते का?

हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित मुद्दा. अनेक जीवाणू साधारण एक मायक्रॉनच्या घरातले असतात, विषाणू त्याहून कितीतरी लहान. त्यांच्या पृष्ठभागावरही सहसा ऋणभार असतो. त्यामुळे तुरटीच्या पुंजक्यांबरोबर त्यातले बरेच खाली बसतात, पण सगळे नाही. जे उरतात ते डोळ्यांना दिसत नाहीत. घरी तुरटी फिरवलेले नितळ पाणी उकळल्याशिवाय किंवा क्लोरीन टाकल्याशिवाय पिणे धोक्याचे, ते यासाठी.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. गढूळ पाण्यात नुसते क्लोरीन टाकून काम होत नाही. मातीच्या कणांआड जंतू दडतात आणि सेंद्रिय गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. आधी निवळणे, मग निर्जंतुकीकरण हा क्रम म्हणूनच पक्का आहे. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत हवा आणि दुसरा स्रोत नसेल तरच ५ पर्यंत चालतो. अ‍ॅल्युमिनियम लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम, नाइलाजाने ०.२ पर्यंत. आणि उर्वरित क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम. पाणी चांगले की वाईट, हे रंगावरून नव्हे, या आकड्यांवरून ठरते.

घरात आरओ आहे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. अतिसूक्ष्म कण आरओच्या पडद्यावर थर धरतात, पडदा लवकर निकामी होतो आणि वाया जाणारे पाणी वाढते. केंद्रात होऊ शकणारे काम प्रत्येक स्वयंपाकघराने पैसे मोजून पुन्हा करायचे, असा हा व्यवहार आहे. ज्यांच्या घरी आरओ नाही, त्यांच्याकडे तोही मार्ग नाही.

द्राक्षबागायतदार हे शास्त्र रोज कसे वापरतात?

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात कलिल हा शब्द कुणी उच्चारत नसेल, पण त्याचे नियम तिथे पाठ आहेत. केवडा रोगावर फवारले जाणारे बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना यांपासून तयार होणारे तांब्याच्या संयुगांचे निळे कलिलस्वरूप मिश्रण. फ्रान्समधील बोर्डो येथील मिलार्डे यांनी त्याचा उपयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. एक टक्का मिश्रणासाठी शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना हे प्रमाण बागायतदारांच्या तोंडी असते.

मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे, लोखंडी भांडे वापरायचे नाही, लोखंडी चाकू बुडवून त्यावर तांबूस थर येतो का पाहायचे आणि आला तर चुना वाढवायचा, मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. हे सगळे नियम रसायनशास्त्राचेच आहेत. ताजे कण बारीक असतात, म्हणून पानाला घट्ट चिकटतात. ठेवलेल्या मिश्रणात ते एकत्र येऊन जाड होतात, तळाशी बसतात, आणि कितीही ढवळले तरी पूर्वीची चिकटण्याची ताकद परत येत नाही. नाशिकच्या वायनरींमध्ये वाइन नितळ करण्यासाठी बेंटोनाइट ही चिकणमाती वापरण्याची पद्धतही याच शास्त्रातली. मातीचा ऋणभार आणि आम्लधर्मी वाइनमधील प्रथिनांचा धनभार एकमेकांना ओढून घेतात.

शेतकरी मिश्रण करण्याआधी चाकू बुडवून पाहतो, म्हणजे मोजतो आणि मग मात्रा ठरवतो. शहराच्या पाण्याबाबत तीच शिस्त मागणे ही काही अवाजवी अपेक्षा नाही.

सिंहस्थाशी याचा संबंध काय?

सिंहस्थातील मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. म्हणजे नदीत गाळ जास्त असतो तेव्हाच पाण्याची मागणी कमाल पातळीवर असते. अशा वेळी पाणी ‘स्वच्छ दिसावे’ हा दबाव मोठा असतो. पण दिसणे हे उद्दिष्ट ठेवले तर नितळ आणि तरीही जंतुयुक्त पाणी, हा सर्वांत फसवा धोका उभा राहतो. पाणी गढूळ दिसले तर माणूस निदान सावध होतो.

दुसरा प्रश्न गाळाचा. तुरटीने माती नाहीशी होत नाही, ती फक्त एका जागी गोळा होते. नदीत गाळ जितका जास्त, तितकी तुरटी जास्त आणि तितकाच केंद्रातून निघणारा चिखल जास्त. माती आणि अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा हा चिखल पुन्हा नदीतच सोडायचा असेल तर शुद्धीकरण झाले ते फक्त नळापुरते. म्हणून सगळ्यात स्वस्त तुरटी म्हणजे डोंगरावरची झाडे आणि न उकरलेली माती. ब्रह्मगिरी परिसरातील डोंगरफोडीविरुद्ध पर्यावरणप्रेमींनी गेल्या काही वर्षांत उठवलेला आवाज केवळ धार्मिक किंवा निसर्गप्रेमाचा विषय नाही. उघड्या पडलेल्या उतारावरून सुटलेला प्रत्येक सूक्ष्म कण खाली कुठेतरी रसायन वापरून पकडावा लागतो.

काय व्हायला हवे?

पहिली गोष्ट, प्रत्येक जलशुद्धीकरण केंद्राचे कच्च्या आणि शुद्ध पाण्याचे गढूळपणाचे आकडे, सामू, उर्वरित अ‍ॅल्युमिनियम आणि नळाच्या टोकाचे क्लोरीन हे पावसाळ्यात रोज नागरिकांच्या मोबाइलवर उपलब्ध असावेत. धरणातील पाणीसाठ्याची टक्केवारी रोज वाचणाऱ्या नाशिककरांना हे आकडे जड जाणार नाहीत. ‘लोक घाबरतील’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. प्रत्यक्षात भीती पसरते ती माहिती नसताना. गढूळपणा ८ एनटीयू आहे, दोन दिवस पाणी उकळून प्या, असे सांगणारी यंत्रणा अधिक विश्वासार्ह ठरते.

दुसरी, जार टेस्ट कधी झाली आणि त्यावरून कोणती मात्रा ठरली याची नोंद तपासता यावी. तिसरी, केंद्रातून निघणाऱ्या चिखलाचे काय होते, हेही जाहीर असावे. यासाठी फार मोठा निधी लागत नाही, लागतात ती प्रशिक्षित माणसे आणि नोंदीची सवय.

चौथी बाब शिक्षणाची. ‘एनसीईआरटी’ने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासक्रम-कपातीत बारावीच्या रसायनशास्त्रातून पृष्ठीय रसायनशास्त्राचे प्रकरण वगळले गेले. कलिलांचा अभ्यास त्याच प्रकरणात होता. राज्य मंडळाच्या २०१९ च्या अकरावीच्या पुस्तकात अधिशोषण आणि कलिले यांवर प्रकरण आहे, पण शिकवले जाते ते बहुधा व्याख्या आणि फरकांच्या तक्त्यांपुरते. परीक्षेत प्रश्न येत नाही म्हणून जो विषय गळतो, तोच नेमका नळाला येणाऱ्या पाण्याचा विषय असावा, हे खटकणारे आहे. नदीकाठच्या महाविद्यालयांनी पावसाळ्यात विद्यार्थ्यांकडून जार टेस्ट करून घेतली तर सहा भांडी आणि थोडी तुरटी यांत हे अख्खे प्रकरण समजेल.

त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी सुमारे १४६५ किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. जे कण वाटेत कुठेच बसले नाहीत, ते समुद्राचे खारे पाणी लागताच साकळतात. तिथे लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे कणांभोवतीचे कवच अर्ध्या नॅनोमीटरहूनही पातळ होते आणि ते एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. गोदावरीचा सुपीक त्रिभुज प्रदेश घडण्यात या प्रक्रियेचाही वाटा आहे. निसर्गाकडे हे काम करायला हजारो वर्षे होती. शहराकडे नदीचे पाणी नळापर्यंत पोहोचण्याआधीचे काही तासच असतात. ते मोजूनमापून वापरले जात आहेत की अंदाजाने, हे विचारण्याचा अधिकार पाणीपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाला आहे.